लादी बोलायलीय

पाऊस सरून ऊन कडक व्हायला लागलं, तुरीला फुलं धरायला लागली, काळ्या रानाला केसाएवढ्या भेगा पडायला लागल्या, की मी गुलबर्ग्याहून घरी निघते. दसऱ्याची सुट्टी. पूर्वी ती शिकणारी म्हणून मिळायची, आता शिकवणारी म्हणून मिळते. हुमनाबाद मागं पडल्यावर थोड्या वेळानं बसचा आवाज बदलतो. डांबरावरून घरंगळत आलेली चाकं सिमेंटच्या रस्त्यावर चढतात आणि दर सांध्याला एकदा धप् करतात. धप्. मग एका श्वासाएवढी जागा. पुन्हा धप्. आजूबाजूची माणसं त्या लयीवर पेंगायला लागतात. मी तेव्हा कुणाला कळू न देता चपला काढते आणि दोन्ही तळवे बसच्या पत्र्यावर टेकवून बसते.

असं का, हे मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर पाय दुखतात म्हणून सांगितलं असतं.

आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतर दोन-चार वर्षांत हा रस्ता झाला. अप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा तिशीला आले होते आणि याच रस्त्यावर डोक्यावरून खडी वाहत होते. पुढं ते बांधकाम खात्याच्या दुरुस्तीच्या गँगमध्ये लागले आणि त्याच रस्त्याची मलमपट्टी करत राहिले. मी मात्र गुलबर्ग्याला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले. सुट्टीत घरी आले की वस्तीतल्या बायका माझ्याकडं पाहुण्यासारखं बघायच्या आणि मी भिंतीला टेकून त्यांच्याकडं बघायची. बोलायचं काय, हा प्रश्न दोन्हीकडं असायचा.

रस्त्याच्या एकेका मोठ्या चौकोनाला गँगमधले सगळे लादी म्हणत. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. सांध्यातून पाणी आत शिरतं, वरून ट्रक गेला की लादी दबते, आणि तेच पाणी खालची माती घेऊन फटीतून बाहेर येतं. मी ते पाहिलं आहे. ट्रक निघून जातो, धूळ खाली बसते, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आणि मग सांध्यातून तपकिरी पाण्याचा ओघळ हळूच सरकत बाहेर येतो. खाली बसलेल्या कुणीतरी चूळ भरून टाकावी तसा. दर पावसाळ्यात रस्त्याखालची जमीन अशी थोडी थोडी निघून जाते. वरून काही दिसत नाही. लादी तशीच असते, सपाट, राखाडी. माणसं, बैलं, बसगाड्या तिच्यावरून जात राहतात आणि खाली काहीच नसतं.

साहेबांच्या कागदात त्या जागेला ‘व्हॉइड’ म्हणत. हा शब्द मला शाळेतून माहीत होता, पण तिथं तो आकाशाबद्दल होता. पायाखालीही असतो, हे कुणी शिकवलं नव्हतं. गँगमधला सिद्दप्पा त्याला कन्नडमध्ये पोळ्ळू म्हणायचा, भोकं पाडायच्या मशीनवरचे महेबूबचाचा खोकला म्हणायचे. अप्पा म्हणायचे, “लादी बोलायलीय.” भरीव लादी त्यांच्या लेखी मुकी. लोखंडी पहारीचा ठोका दिला की ती टण् करून गप्प बसते. पोकळ लादी ढब् म्हणते आणि ते ढब् खाली कुठंतरी थोडा वेळ फिरत राहतं.

अशी लादी सापडली की अप्पा तिच्यावर गेरूनं फुली मारायचे. मग मशीननं भोकं पाडायची आणि सिमेंटचं पातळ पाणी हातपंपानं आत ढकलायचं. त्याला गँगमध्ये आंबील म्हणत. लादीला आंबील पाजायची. एका भोकातून पाजलेली शेजारच्या भोकातून वर डोकावली, की पोट भरलं. जास्त पाजली तर लादी उचलली जाते, म्हणून वर दोरी ताणून ठेवायची आणि तिच्यावर नजर ठेवायची. मग भोकं बुजवायची, वर काट्याच्या फांद्या टाकून दिवसभर लादीला झोपू द्यायचं. एवढं केलं की लादी आणखी कित्येक वर्षं जगते. मला त्या कामात एक घरगुतीपणा वाटायचा आणि त्याचीच भीतीही वाटायची. आजाऱ्याला भरवावं तसं आपण ज्याला भरवतोय, ते खाली नेमकं कोण आहे?

मी अकरावीत असतानाच्या त्या सुट्टीत, दुसऱ्याच दिवशी, माझ्या हातून अप्पांच्या पाठीमागं पितळी पडली. वसतिगृहात अशा आवाजानं शंभर मुली वळल्या असत्या. अप्पा वळले नाहीत. पितळी भिंतीपर्यंत गरगरत गेली आणि ते चपलेचा अंगठा शिवत राहिले.

खडीच्या मशीनजवळ आणि कॉम्प्रेसरजवळ काढलेल्या वर्षांनी त्यांचे कान नेले होते. समोरच्याच्या ओठांकडं बघून ते निभावून न्यायचे. घरात सगळे ओरडूनच बोलतात, त्यामुळं घरी लपून गेलं. पण त्यांचं काम ऐकण्याचं होतं. हे बाहेर कळलं असतं तर ठोका द्यायची पहार त्यांच्या हातून गेली असती, आणि त्या पहारीपायीच साहेब लोक त्यांना “अप्पा, लादी काय म्हणते?” असं विचारत. ज्या माणसाच्या बापाला गावात कुणी नावानंसुद्धा हाक मारली नव्हती, त्याच्यासाठी हे किती होतं, ते त्या वयातही मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी मी मोठी काळी छत्री घेऊन त्यांच्याबरोबर रस्त्यावर गेले.

“काय सुजा, बापाला सावली धरायलीस?” सिद्दप्पा हसला. “शाळेत हेच शिकवतेत व्हय इंग्लिशमधी?”

मी मान खाली घातली. पण छत्री त्यासाठी नव्हतीच. मागून कुणी अप्पांना हाक मारली, की मी छत्री थोडी कलती करायची. सावली सरकायची, मानेवर चटका बसायचा, आणि अप्पा वळून म्हणायचे, “काय साहेब?” आम्ही हे ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा चुकून झालं, दुसऱ्यांदा मी मुद्दाम केलं, तिसऱ्यांदा वळताना अप्पांनी माझ्याकडं एक क्षण बघितलं. बस्स, तेवढंच.

पण मग ते लादी ऐकायचे कशी? ते मला त्यांच्या चपलांनी सांगितलं. ठोका द्यायच्या आधी अप्पा चपला काढून बाजूला ठेवत आणि अनवाणी लादीच्या मधोमध उभे राहत.

“रस्ता म्हंजे देवी हाय व्हय, अप्पा?” सिद्दप्पाची ही रोजची थट्टा. “नारळ फोडू का येक?”

“आमच्यात नारळ न्हाई. पाय भाजतेत, म्हणून काम लौकर आटपतंय. तूबी काढ की.”

ठोका पडला की त्यांचे डोळे मिटत आणि पायाची बोटं किंचित पसरत. ते तळव्यांनी ऐकत होते.

“सकाळी कोपरे बोलतेत, दुपारी पोट,” त्यांनी मला सांगितलं होतं. रात्रीच्या गारव्यानं लादीचे कोपरे वर उचलतात, उन्हानं पोट फुगतं. म्हणून कोपऱ्यांचे ठोके उजाडताना आणि मधले ठोके भर दुपारी. दुपारी बाराला बाहेर फिरू नये, असं वस्तीतल्या बायका म्हणत. त्या वेळी रस्ता मोकळा असायचा आणि तापलेल्या लाद्या आपोआप टिक् टिक् वाजायच्या. एक इथं, एक लांब तिकडं, मग पुन्हा अगदी पायाजवळ. कुणी खालून बोटानं ठोकून पाहावं, वर भरीव आहे का पोकळ, तसं. मी छत्रीचा दांडा दोन्ही हातांनी धरायची.

आजही मला वर्गात टेबलावर बोट आपटायची सवय आहे. मुली समजतात, बाई रागावल्या. मी फक्त ऐकत असते.

सुट्टी संपत आली तेव्हा आम्ही वस्तीच्या फाट्यापाशी पोचलो होतो. तिथं बस थांबते. दुबलगुंडीला जाणारी, बाजाराची, शाळेची, सगळी माणसं त्याच एका लादीवर उतरतात आणि त्याच लादीवर वाट बघत बसतात. त्या दिवशी नवे साहेब आले होते. तरुण, म्हैसूरकडचे, हातात फाइल. अप्पांनी चपला काढल्या, ठोका दिला.

लादी वाजली. तसा आवाज मी त्या आख्ख्या रस्त्यावर ऐकला नव्हता. टण्ण्ण, लांब, स्वच्छ, गोड, आमच्या शाळेच्या घंटेसारखा.

“हौ साब, घंटी सरीकी बजी,” महेबूबचाचा म्हणाले.

अप्पा डोळे मिटून उभे होते. साहेब त्यांच्या मागून कन्नडमध्ये म्हणाले, ही ठीक आहे, पुढं चला. अप्पा हलले नाहीत. साहेब पुन्हा म्हणाले. छत्री माझ्या हातात होती. मनगट जरासं वळवायचं होतं.

मी वळवलं नाही. का, याची इतक्या वर्षांत मी चार-पाच कारणं शोधली आहेत. त्या आवाजात मी गुंगले होते. या लपवाछपवीचा मला कंटाळा आला होता. आपला बाप बहिरा आहे आणि आपण ते झाकतोय, याची लाज वाटत होती, आणि समोरचा माणूस माझ्या शाळेच्या भाषेतला होता. सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरत नाही.

साहेबांनी माझ्याकडं बघून इंग्रजीत विचारलं, “यांना ऐकू येत नाही का?”

“नाही येत, सर,” मी इंग्रजीत म्हणाले.

अप्पांच्या पाठीमागं, त्यांना न येणाऱ्या भाषेत, त्यांना न पोचणाऱ्या आवाजात. शाळेत मला कधी मोठ्यानं उत्तर देता आलं नव्हतं. हे मात्र स्पष्ट दिलं.

अप्पांनी डोळे उघडले. छत्री हलली असावी, कारण त्यांनी आधी तिच्या सावलीकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं, मग साहेबांकडं.

“साहेब, ही बोलायलीय,” ते म्हणाले. “येक भोक पाडा. येकच.”

“सगळ्यांनी ऐकलं, अप्पा. घंटेसारखी वाजली,” साहेब आता सावकाश, ओठ हलवून बोलले. त्यांचा तो सावकाशपणा मला पहारीसारखा लागला.

“तेच तर म्हणायलोय. काळ्या मातीवरची लादी घंटीवाणी कामून वाजावी? बारा वाजू द्या. पोट बोलू द्या तिचं. मग भोक पाडा, आन न्हाई निघालं काही तर पहार घ्या माझ्याकडून.”

साहेब वाईट नव्हते. थांबले.

बाराला मशीन लागलं. आधी सिमेंटची पांढुरकी धूळ आली. मग धुळीचा रंग निळसर झाला, शहाबादी दगडाचा. मग मशीन एकदम खाली गेलं आणि महेबूबचाचा त्याच्या दांड्यावर तोंडघशी पडता पडता वाचले. “या अल्ला,” म्हणत त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला.

एवढी शांतता मी नंतर कुठं ऐकली नाही. लाद्यांची टिकटिकसुद्धा थांबली होती. भोकाच्या काठावरची धूळ आत पडायला हवी होती. ती हळूहळू वर उठत होती. त्या टळटळीत दुपारी त्या भोकातून गार वारा येत होता, ओल्या दगडाच्या वासाचा. सिद्दप्पा लादीवरून उतरला. चाचांनी खडा टाकला. आम्ही वाट बघितली. काही ऐकू आलं नाही. आम्ही वाट बघायची सोडली, तेव्हा आलं. खूप खालून, लहानसं.

मी गुडघ्यावर बसून कान लावला. सांगितलं तर हसतील, म्हणून तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मला रहाटाची कुरकुर ऐकू आली. कुणीतरी सावकाश, घाई न करता, पाणी शेंदत होतं.

तेवढ्यात भाकरीचं फडकं घेऊन आत्या आली. अप्पांची थोरली बहीण, रोज दुपारी आमचं जेवण आणायची. तिनं भोक बघितलं, आमची तोंडं बघितली, आणि रस्त्यातच खाली बसली.

“आपला आड हाय हा,” ती म्हणाली. मग पुढं वाकून मला विचारलं, “पाणी हाय का गं आत? लई गोड होतं त्याचं.”

वस्तीचा आड. गावच्या विहिरीवर आम्हाला जाता येत नव्हतं, तेव्हाचा. रस्त्याची आखणी नेमकी त्याच्यावरून गेली. तोंडावर शहाबादी फरशा टाकल्या, वर माती, वर सिमेंट. पुढं कितीतरी दिवस वस्ती ओढ्याचं पाणी प्याली. साहेबांनी फाइल उघडून नकाशा बघितला. नकाशात तिथं आड नव्हता. तो फक्त आमचा होता.

“शेवटची फरशी ह्यानंच ठिवली,” आत्या अप्पांकडं बोट करून म्हणाली. “मजुरीला होता. माय चार दिवस बोलली न्हाई त्याच्याशी.”

अप्पा तिच्या ओठांकडं बघत होते. रोज हजार पावलं जिच्यावर पडत होती, ती लादी तडकलेल्या दोन फरशांवर टेकून उभी होती. फरशा ताणलेल्या कातड्यासारख्या वाजत होत्या, म्हणून तो आवाज गोड होता.

संध्याकाळी घरी मी अप्पांच्या समोर बसून विचारलं, “पायाला कळलं, का आठवलं?”

त्यांनी दोन्ही तळवे हातानं पुसले. मग म्हणाले, “पाय माझेच हायत की गं.”

रस्ता बंद ठेवता येत नव्हता, म्हणून साहेबांनी भोक मोठं करून आधी वाळू सोडायला सांगितली, मग आंबील. दोन दिवस पाजत होतो. दोरी हलली नाही, शेजारच्या भोकातून काही वर आलं नाही. “पीतीय तर जातंय कुठं?” चाचा पुन्हा पुन्हा म्हणत. तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या शेतातल्या विहिरीचं पाणी राखाडी झाल्याची ओरड झाली. त्याच दुपारी भोकाच्या तोंडाशी सिमेंट वर आलं आणि थरथरत थांबलं. सिद्दप्पानं ते थापीनं सारखं केलं. लादीवर एक गोल डाग राहिला, मिटलेल्या डोळ्यासारखा. अप्पांनी ठोका दिला. टण्. गप्प.

दुसऱ्या वर्षी पहार अप्पांकडं नव्हती. ते बरोबर निघाले होते, तरीही. बहिरा माणूस रहदारीत नको, असं कागदावर आलं, आणि ते चूक होतं असं मला म्हणता येत नाही. निवृत्त होईपर्यंत ते रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगांवर राखण करत बसले. मी काय बोलले, ते त्यांना कळलं होतं का, हे मी विचारलेलं नाही. दर वर्षी मी फाट्यावर उतरते तेव्हा ते तीच छत्री घेऊन त्याच लादीवर उभे असतात, चपला बाजूला ठेवून, रस्त्याकडं पाठ, रानाकडं तोंड. बस आलेली-गेलेली त्यांना कळत नाही. मी मागून जाते आणि त्यांच्या हातातली छत्री हळूच कलती करते. मानेवर ऊन पडतं. ते वळतात. “आलीस व्हय?” आमच्यात त्या गोष्टीबद्दल एवढंच बोलणं होतं. वर्षातून एकदा.

या वर्षी बस मला उतरवून पुढं निघून गेली. दुपारचे बारा वाजून गेले होते. मी पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं टाकली. छत्री अजून चार हात लांब होती.

अप्पा वळले.

“आलीस व्हय?” ते हसले.

मला इतका आनंद झाला, की क्षणभर वाटलं, कान परत आले. मग त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी स्वतःच्या पायांकडं बघितलं. मी माझ्या पायांकडं. त्या दोन्हींच्या मध्ये तो गोल डाग होता, आणि त्याच्या कडेनं केसाएवढी नवी भेग. मी चपला काढल्या. त्यांनी पहार नाही म्हणून टाच आपटली, आणि ती माझ्या तळव्यांना कळली; खालून, बाजूनं, उशिरा.

“बोलायलीय,” अप्पा म्हणाले.

फाट्यावर आणखी तीन बायका बाजाराची गाठोडी घेऊन बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर लेकरू. मी त्यांना उठा म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच आला असावा, कारण कुणी उठलं नाही. दुबलगुंडीकडून परतीची बस येताना दिसली, धप् धप् करत, भरलेली. खात्याच्या ऑफिसात उद्या जायचं होतं, अर्ज लिहायचा होता, ते सगळं नंतर. मी अप्पांच्या हातातून छत्री घेतली, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले.

बस करकचून थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. “मरायचंय का, अक्का? कामून आडवी यायलीस?”

“पुढं येऊ नका. लादी बोलायलीय,” मी ओरडले. बायका उठल्या.

“कोण म्हणतंय?”

“माझे वडील,” मी म्हणाले.